खिळ्यावरचा राजा

माझ्या खोलीतल्या लाकडी फळीवर तीन राजे, दोन राण्या, एक संस्थानिक आणि एक नगरपालिका राहते. सगळे चिनी मातीचे. दूरच्या देशात कुणाच्या तरी डोक्यावर मुकुट ठेवला गेला म्हणून इथल्या शाळांतून, कचेऱ्यांतून, दरबारांतून वाटलेले कप. कुठल्याशा संस्थानिकाच्या गादीला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेला पेला. त्यावर ढाल आणि दोन वाघ, वाघ मांजरासारखे दिसतात. नगरपालिकेच्या सोहळ्याची बशी, तिच्यावर टाउन हॉलचं निळं चित्र. कुणाच्या कानाचा टवका उडालेला, कुणाच्या काठावरची सोनेरी रेघ ओठांनी पुसून टाकलेली. इथे, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, हे सगळं कबाड म्हणून मिळतं. घरं पाडतात, कपाटं रिकामी होतात, आणि तांदळाच्या फाटक्या पोत्यात गुंडाळलेला सम्राट आठवडी बाजारात सायकलच्या सुट्या भागांशेजारी येऊन बसतो.

खाली राहणारी घरमालकीण एकदा गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना दारातून डोकावली. फळीकडे बघून म्हणाली, "इतने सारे कप, बिटिया! और पीने वाला एक भी नहीं।" मग स्वतःच हसली. मीही हसले. ती वर गेली तसं माझं हसू गेलं, कारण ती चुकीचं काही बोलली नव्हती.

मी एका कोचिंग क्लासात इतिहास शिकवते, हिंदीत. मुलं चांगली आहेत. त्यांना नोकरी हवी आहे, इतिहास नको आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. लिहिते मात्र मी मराठीत. नागपूरकडच्या छोट्या नियतकालिकांत माझे लेख येतात, अंक टपालाने माझ्याकडे येतो, आणि मी तो कपाटात ठेवते. माझ्या आतेभावंडांना मराठी बोलता येतं, पण छापलेलं पान दिलं की ती दोन ओळींत थकतात आणि म्हणतात, "तूच सांग ना क्या लिखा है." या सगळ्या जिल्ह्यात माझा एकच वाचक होता. माझे बाबा. लांजीजवळच्या आमच्या गावी ते अंक उघडून पेन्सिल घेऊन बसायचे आणि मग फोन करायचे. "दुसऱ्या पानावर तू लय गोड झाली. गोड नोको होऊ." एवढंच. त्या एवढ्यावर मी पुढचा महिना काढायचे.

या कपांपायी तो वाचक मी गमावला होता.

बाबा पोस्टात होते. पगार पोस्टाचा, जीव पत्रकांचा. गोंदियाच्या एका छापखान्यात ते चारपानी, आठपानी पुस्तिका छापून घ्यायचे आणि सुटीच्या दिवशी परसवाड्यापासून लांजीपर्यंत जिथे सभा, मेळावा, जयंती असेल तिथे चादर अंथरून विकायचे. विकायचे म्हणजे वाटायचेच. आम्ही बौद्ध. घरात देव नव्हते, बाहुली नव्हती, गठ्ठे होते. मी त्या गठ्ठ्यांवर बसून जेवले, त्यांना टेकून झोपले आणि त्यांच्यावरूनच वाचायला शिकले. शाळा हिंदी. पहिलीत बाईंनी विचारलं, "ध से?" सगळी पोरं ओरडली, "धनुष!" मी म्हटलं, "धिक्कार." बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाबांनी वर्गाबाहेर उभं राहून, मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि घरी जाताना मला पेढा घेऊन दिला.

त्यांच्या पुस्तिकांत एक होती 'वेगळा कप'. गावोगावच्या चहाच्या हॉटेलांत आमच्या लोकांसाठी बाहेर वेगळे कप ठेवत, त्याविरुद्ध. तिचं शेवटचं वाक्य मला पाढ्यासारखं पाठ होतं: चहा प्या, पैसे द्या आणि कप फोडा. तरुणपणी लांजीच्या एका हॉटेलात बाबांनी तसा कप खरंच फोडला होता. गावातले म्हातारे अजून त्यांना 'कपफोड्या' म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण बाबांना ते पदवीसारखं वाटतं.

आणि त्यांची एक सवय होती. चहा पिऊन झाला की आपला कप आपणच धुवायचा. आमच्याकडे असो, पाहुण्यांकडे असो, यजमानीण कितीही नको म्हणो. विसळायचा आणि पालथा घालून ठेवायचा. मोहल्ल्यातल्या बायकांना याचं मोठं अप्रूप. "माय वो, तुमचा नवरा कप धुते!" आई भात वाढता वाढता म्हणायची, "कपच धुते बाई. ताट नाही धूत. आमच्या घरी समता कपापावतर आली, ताटापावतर याची हाये." सगळ्या खो खो हसायच्या. बाबाही हसायचे. कॉलेजात मैत्रिणींना मी अभिमानाने सांगायचे: आमच्या घरी भाषण नाही, आचरण आहे, माझे वडील स्वतःचा कप स्वतः धुतात.

मग आई गेली. बाबा गावात एकटे राहिले, मी इथे एकटी.

पहिला कप मी रागाने विकत घेतला. बाजारातल्या ढिगात तो आडवा पडला होता. सम्राट, शेजारी सम्राज्ञी, दोघांच्या डोक्यावर झेंडे, आणि खाली देवानं राजाला राखावं अशा अर्थाची इंग्रजी ओळ. आमच्या धानाच्या बांधावर उपाशी पोरं असताना त्याच पोरांना रांगेत उभं करून या माणसाच्या नावाने टाळ्या वाजवायला लावल्या! हा चेहरा समोर ठेवूनच लेख लिहायचा, असं ठरवून मी तो घरी आणला. लेख झाला. कप टेबलावरच राहिला. पुढच्या बाजारी बशी दिसली, त्यापुढे ढालवाला पेला.

राग होताच, पण तेवढंच नव्हतं. मला ते हातात घ्यायला आवडायला लागले होते. एका कपावर राणीच्या मुकुटाचे दोन भाग नीट जुळलेले नाहीत. असली चित्रं आधी कागदावर छापतात आणि मग तो कागद मातीच्या भांड्यावर चिकटवून चित्र उतरवतात. तिथल्या कारखान्यात कुणीतरी घाईने कागद चिकटवला असणार. राणीशी माझं काही देणंघेणं नाही. त्या घाईतल्या हाताशी मात्र मी संध्याकाळी बराच वेळ बसते.

फोनवर संग्राहकांचा एक गट सापडला. पुणे, कोलकाता, कुठून कुठून माणसं. मी फोटो टाकायचे. ते विचारायचे: बुडाखालचा शिक्का दाखवा, तडा आहे का, सोनेरी काम किती शिल्लक आहे. बालाघाट कुठे आहे हेही कुणी विचारलं नाही, पण रोज कुणाशी तरी बोलणं होत होतं.

माझ्या काही कपांत एक गोष्ट सारखी होती. बुडाखाली, कारखान्याच्या शिक्क्याशेजारी, काळ्या रंगाचा एक ठिपका. आणि कानात तारेचा वेढा, वर वळवून आकडा केलेला. कप वेगवेगळ्या ढिगांतून आलेले, तरी ठिपका तोच, तार तीच. नवलाची गोष्ट म्हणजे त्यात एक कप राजाचा नव्हताच. तो स्वातंत्र्याच्या सोहळ्यात वाटलेला, तीन रंगांचे पट्टे आणि मधे चक्र. त्याच्याही बुडाला ठिपका. मी गटात फोटो टाकला. एका गृहस्थाने लिहिलं, दुकानदाराची खूण असेल. थिनरने पुसा, तार कापून टाका, वस्तू उजळेल. मी थिनरची बाटली आणली.

बाटलीचं बूच उघडायच्या आधी बाबा आले. पेन्शनच्या कामाला बालाघाटात आले होते, सांगितलं नव्हतं. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसले. मी चहा टाकला, दोघांचा. मला फार आनंद झाला होता. मी म्हटलं, "बाबा, फळी पाहा. माझं संग्रहालय!"

ते उठले. जवळ जाऊन त्यांनी एक कप उचलला. राजाकडे त्यांनी पाहिलंच नाही. सरळ कप उलटा केला आणि ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"कुठून आनला?"

"बाजारातून. का?"

"घरात आनला तू हा?"

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "मालगुजाराच्या कोठ्यात खिळ्याले टांगले राह्यत हे," ते म्हणाले. "आमच्यासाठी."

वेगळ्या कपांबद्दल मला काय माहीत नव्हतं? मी त्याच पुस्तिकेवर वाढले होते. पण मी विचारलं ते एखाद्या संग्राहकाने विचारावं तसं. "राजाचेच कप काहून, बाबा?"

"सायबाच्या दरबारात वाटले त्याईले. मोठ्या मानानं घेऊन आले. घरातल्या म्हाताऱ्या म्हनाल्या, चिनी मातीत हाडं राह्यतात, हे चुलीपाशी नाही येनार. पितळ बाटलं तं राखेनं घासता येते, इस्तवावर धरता येते. हे इस्तवावर धरलं तं फुटते. अन् फेकाव तं सरकारचा मान. घरात नेता येत नाही, फेकता येत नाही. मंग काय करन? आमाले देल्ले." त्यांनी ठिपका माझ्या तोंडापुढे धरला. "अन् हे कायले? तं चुकून आतमंधी जाऊ नये म्हनून."

माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याबरोबर, खरं सांगते, आनंदही झाला. इतक्या दिवसांत कुणालाच न कळलेली गोष्ट माझ्या फळीवर होती! सम्राट स्वतः अस्पृश्य होऊन जमीनदाराच्या गोठ्यात लटकला होता. आणि तिरंगी कपाचाही ठिपका. राजा गेला, प्रजासत्ताक आलं, खिळा जागच्या जागी! मी म्हटलं, "बाबा, हा पुरावा आहे!"

"पुरावा? पुरावा कोनाले पाह्यजे? मी उभा हावो न इथं. मी होय पुरावा." त्यांनी कप टेबलावर ठेवला. "फोड."

"नाही फोडणार."

"म्या काय लिवलं होतं?"

"तुम्ही लिहिलं ते तेव्हा बरोबर होतं. आज फोडले तर उद्या हेच लोक म्हणतील, असं काही नव्हतंच. तुम्ही बनवून सांगता."

"म्हनू दे! त्याईच्या म्हनन्यासाठी तू हे उशापाशी घेऊन झोपशीन?"

"तुम्हीच शिकवलं, मानायचं नाही म्हणून!"

"मले नाही मानाचं असं नव्हतं शिकवलं," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या वेळी असतं तर त्यांना स्वतःलाच हसू आलं असतं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "जोवर हे इथं हायेत, तोवर या घरात मी चहा नाही पेत."

जिन्यावर चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. चहा उकळून अर्धा झाला होता. दोघांचा चहा मी एकटीने प्यायले. राग होता म्हणून तेव्हा तो घशाखाली गेला.

राग पुढे टिकला नाही. एकटेपणा टिकला. बाबांचा फोन यायचा, नाही असं नाही. "जेवली?" "हौ." "बरी हायेस?" "हौ. तुम्ही?" "हौ. ठेवतो मंग." दुसऱ्या पानाबद्दल अवाक्षर नाही. मी त्या ठिपक्यांवर एक लेख लिहिला. इतकं नेमकं मी आजवर काही लिहिलं नव्हतं, असं मला वाटतं; पण वाटण्यापलीकडे मला काही कळत नव्हतं, कारण सांगणारं माणूस गप्प होतं. अंक गावी पाठवला. उत्तर नाही. मग तीच माहिती मी संग्राहकांच्या गटात लिहिली. एकाने पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. एकाने विचारलं, थिनर वापरून पाहिलं का. आणि एकाने हात जोडून लिहिलं, कृपया गटात राजकारण नको. आमच्या आज्याच्या ओठाला लागलेला कप म्हणजे राजकारण, आणि राजाचा मुकुट म्हणजे कला! मी गट सोडला. मग संध्याकाळी फोन वाजायचाही बंद झाला. मी कप उतरवायचे, पुसायचे, परत ठेवायचे. खालून घरमालकिणीच्या टीव्हीचा आवाज यायचा आणि वाटायचं, जाऊन बसावं. जाऊन काय बोलणार?

मग एकदा बाबांचा फोन नेहमीपेक्षा लांबला. डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. अक्षर दिसत नव्हतं. बऱ्याच दिवसांपासून.

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय होते? जिल्ह्याच्या दवाखान्यात करून घेतो. धर्मशाळेत राहीन."

"धर्मशाळेत? माझी खोली असताना?"

"चहा नाही पेनं तं तुह्याकडं राहून काय करू, बाप्पा?"

मी म्हटलं, कप काढून ठेवते. मग ते म्हणाले, "येतो."

सगळे राजे मी वर्तमानपत्रांत गुंडाळून ट्रंकेत घातले आणि ट्रंक खाटेखाली सरकवली. फळीवरच्या धुळीत गोल गोल जागा उरल्या. त्या मी पुसल्या नाहीत. बाबा आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी रिकाम्या फळीकडे बघितलं. स्टीलच्या ग्लासात चहा दिला तो प्यायले. तो त्यांचा फुर्र आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पाठ फिरवून गॅसची शेगडी पुसत बसले. आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. पत्रकांवर वाढलेल्या मुलीने आपली बाजू कागदात गुंडाळून खाटेखाली लपवली होती.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, काळा चष्मा लावून त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं: वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. दुपारी मी भात आणि अंबाडीची भाजी केली. जेवून बाबांनी ताट बाजूला सारलं आणि भिंतीला टेकले. मी ताट उचललं. थोड्या वेळाने चहा केला. चहा संपला तसे ते ग्लास घेऊन उठले आणि भिंत चाचपत मोरीकडे निघाले.

"बाबा, ठेवा. मी धुते."

"नाही नाही."

"वाकायचं नाही म्हणाले न डॉक्टर!"

मी ग्लास धरला. ते सोडेनात. आम्ही दोघं एका स्टीलच्या ग्लासाला धरून खोलीच्या मधोमध उभे होतो. मला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला. त्यावर हट्ट नव्हता. भीती होती. एखाद्याचं काही चुकलं आणि आता कुणीतरी बघेल, तशी. मी हात सोडला. ते मोरीत उकिडवे बसले, ग्लास पुन्हा पुन्हा विसळला, झटकला, उठले, आणि ओट्यावर जिथे भांडी असतात तिथे न ठेवता दाराबाहेर गेले. गॅलरीच्या कठड्यावर ग्लास पालथा घातला.

"बाबा, आत ठेवा न तो."

"हौ," ते म्हणाले, पण ग्लास तिथेच राहिला.

ते परत येऊन बसले. मी म्हटलं, "ताट तर तसंच ठेवता तुम्ही. कपच काहून धुता नेहमी?" मला वाटलं, आईचं बोलणं आठवून ते हसतील. म्हणून तर मी विचारलं होतं.

बाबा काळ्या चष्म्यातून कठड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याईच्या इथं ताट कधी भेटलंच नाही. मंग ताट धुवाची सवय कशी लागन?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"माहा बाप गावचा कोतवाल. सकाळी मालगुजाराकडं जाये, मले संग ने. त्यानंच शिकवलं. खिळ्यावरून तारेले धरून काढाचा, कपाले हात जास्त नाही लावाचा. वरतून चहा टाकत. पेला की धुवाचा, मंग अजून धुवाचा, अन् तोंड खाली करून टांगाचा. बाहेर. तू नाही का, अक्षर शिकली गठ्ठ्यावर बसून? तसा मी कप धुवाले शिकलो." मग ते म्हणाले, "हॉटेलातला फोडला मी. तो नाही फोडला. बाप टांगे न त्याले, रोज."

"आईला माहीत होतं?"

"तुही माय हासे. हासू देल्लं तिले."

बाहेर कठड्यावर ग्लासाखालून पाण्याची रेघ भिंतीवर उतरली होती. कॉलेजात मी काय काय सांगत फिरले होते ते सगळं मला आठवत होतं, आणि बाबांना ते सांगावंसं वाटत नव्हतं.

"काढ," ते म्हणाले.

"काय?"

"ट्रंक. खाटेखाली दिसते मले. एका डोळ्यानं का होईना, दिसते."

मी ट्रंक ओढली. एकेक कप कागदातून काढून त्यांच्या हातात दिला. ते खिडकीशी उजेडात उभे राहून प्रत्येक कप फिरवून बघत होते. आता मात्र ते राजाचा चेहराच बघत होते. "दाढीवाला होता," ते म्हणाले. "कान तुटून गेलता. मंग अंगाभोवती तारेची जाळी बांधली होती बापानं. अन् राजाचा एक डोळा उडाला होता." त्यांनी पहिला कप परत दिला. "हा नोय." दुसरा. "हाही नोय." तिसऱ्याला दाढी होती, तो त्यांनी जास्त वेळ धरला, अंगठ्याने राजाच्या डोळ्यांवर घासून पाहिलं. दोन्ही डोळे शाबूत होते. "नोय," ते म्हणाले, आणि तो शब्द इतका हळू आला की मला तेव्हा कळलं, हा माणूस तो कप सापडावा म्हणून बघतोय.

शेवटी तिरंगी कप उरला. तो त्यांनी उलटा केला. "याच्यावरही?"

"हौ, बाबा."

ते एकदाच, नाकातून, हसले. "लिवलं हे?"

"लिहिलं. अंक पाठवला होता."

"दिसत नव्हतं मले. पेटीत ठेवला हाये." मग खाटेवर नीट मांडी घालून बसत म्हणाले, "वाच."

मी वाचलं. सगळं, मोठ्याने, माझ्या खोलीत, मराठीत. घरमालकिणीचा टीव्ही खाली चालू होता. बाबा डोळे मिटून ऐकत होते; मधेच एकदा त्यांचा हात पेन्सिल शोधल्यासारखा गुडघ्यावर हलला. वाचून झालं. मी वाट बघत राहिले. मी काय ऐकायला थांबले आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"गोड नाही झाली," ते म्हणाले. "पन राजाचं कौतुक जास्त केलं तू. मांजरासारखे वाघ, अन् सोन्याची रेघ, अन् काय काय. माह्या बापाले एकच ओळ देल्ली."

"मला त्यांच्याबद्दल माहीतच नव्हतं, बाबा."

"हौ. तेही खरं."

तपासणी झाली आणि ते सकाळच्या लांजीच्या बसने निघाले. निघण्याआधी चहा झाला. कप फळीवर परत ठेवले होते. बाबा त्यांच्याकडे तोंड करून बसले आणि स्टीलच्या ग्लासातून चहा प्यायले. मग ग्लास टेबलावर ठेवून पिशवी उचलली.

"तो भेटला तं सांगजो," ते म्हणाले. "जाळीवाला."

"फोडायला?"

"पाहू मंग."

दारात चपला घालताना ते थांबले आणि मागे वळून टेबलाकडे बघितलं. "गिलास राह्यला, पोरी."

"राहू द्या, बाबा."

त्यांचा हात अर्धा पुढे आला होता. तो तसाच थोडा वेळ राहिला, आणि मग पिशवीच्या पट्ट्यावर गेला. "हौ," ते म्हणाले आणि जिना उतरले. मी गॅलरीतून बघत होते. ते ऑटोत बसले, वर बघितलं नाही.

संध्याकाळी क्लासातून आले तेव्हा ग्लास टेबलावर तसाच होता. तळाशी चहा वाळून तपकिरी कडं झालं होतं, काठावर ओठांची खूण होती. घरमालकीण वर आली, फळीवर परतलेले राजे बघून काहीतरी चेष्टा करणार होती, पण तिला ग्लास दिसला. "मेहमान आए थे?"

"मेरे बाबा," मी म्हटलं.

"चले भी गए?"

"हौ."

ती गेली. मी दार लावलं, एका माणसाचा चहा टाकला, आणि तो ग्लास न हलवता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले.